विटा आपोआप रचल्या जातात तेव्हा

(द्वितीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने रसायनशास्त्रावर लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. दहावीनंतर विज्ञानशाखा घ्यावयाची तर रोजचा दूरचा प्रवास आणि शिकवणीचा खर्च आमच्या घराला झेपणारा नव्हता. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून कलाशाखेत आले आणि मराठी व इतिहास या विषयांत रमलेही. परंतु शाखा बदलली म्हणजे माणसाचे कुतूहल बदलते असे नाही.

या वर्षी ग्रंथालयात वाचताना 'डी.एन.ए.च्या विटा' हा शब्दप्रयोग माझ्या दृष्टीस पडला. माझे वडील गवंडीकाम करतात, आई त्यांच्या हाताखाली घमेली वाहते. वीट हा आमच्या घरातला रोजचा शब्द. तेव्हा ज्या विटा कोणी न रचता आपापल्या जागी जाऊन बसतात, त्या असतात तरी कशा, हे समजून घेतल्याशिवाय मला राहवेना. जे अडले ते रसायनशास्त्राच्या सरांना विचारले. जेवढे उमगले तेवढे येथे मांडते.

रेणूपलीकडचे रसायन

शाळेत आपण शिकतो की अणू एकमेकांना बंधांनी जोडले जातात व त्यांचा रेणू होतो. हे बंध मजबूत असतात. ते तोडावयाचे तर बरीच शक्ती खर्चावी लागते. पण रेणू तयार झाल्यावर गोष्ट संपत नाही. एक रेणू दुसऱ्या रेणूला ओळखतो, त्याच्या आकारात आपला आकार बसवतो, विद्युत्भारांच्या ओढीने त्याला धरून ठेवतो. ही पकड अणूंमधल्या बंधांपेक्षा कित्येक पटींनी दुबळी असते. ती जशी लागते तशी सुटतेही. रेणूंच्या या सैल पकडीचा अभ्यास म्हणजे सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र. मराठीत त्याला 'रेणूपलीकडचे रसायनशास्त्र' म्हणता येईल.

१९६७ साली चार्ल्स पेडरसन या अमेरिकन रसायनज्ञाने कड्याच्या आकाराच्या काही रेणूंविषयी लिहिले. त्यांतील एका कड्याच्या पोकळीत पोटॅशियमचा भारित अणू अंगठीतल्या खड्यासारखा नेमका बसतो. रेणूचा आकार मुकुटासारखा दिसतो म्हणून पेडरसन यांनी त्यांना 'क्राऊन' हेच नाव दिले. पुढे फ्रान्सचे जाँ-मारी लेन आणि अमेरिकेचे डोनाल्ड क्रॅम यांनी हे काम वाढवले. 'सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र' हे नाव लेन यांनी १९७८ साली दिले. तिघांना १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी पेडरसन यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, ही गोष्ट मी माझ्या वहीत अधोरेखित करून ठेवली आहे.

निसर्ग हे आधीपासूनच करतो

रेणू आपण होऊन रचना करतात हे ऐकून चमत्कार वाटतो, पण निसर्गात तो नित्याचा आहे. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा एक विषाणू आहे. त्याचे शरीर म्हणजे सुमारे २१३० सारख्याच प्रथिनांची दांडीसारखी नळी व तिच्यात गुंडाळलेला आर.एन.ए.चा एक धागा. १९५५ साली फ्रँकेल-कॉनराट व विल्यम्स या कॅलिफोर्नियातील दोघा शास्त्रज्ञांनी ही प्रथिने व हा धागा वेगवेगळे केले आणि पुन्हा एका परीक्षानळीत एकत्र सोडले. प्रथिनांचे तुकडे धाग्याभोवती जमले, दांडी पुन्हा उभी राहिली, आणि ती पानांना पुन्हा रोगही लावू लागली. नळीत मुकादम नव्हता, नकाशा नव्हता. रचनेची सारी माहिती त्या तुकड्यांच्या आकारातच होती.

यालाच शास्त्रज्ञ स्वयंजुळणी म्हणतात. निसर्गाची प्रथिने मात्र फार गुंतागुंतीची. हवा तसा आकार जुळवून घेणारे प्रथिन मनाने बेतणे फार काळ माणसाच्या आवाक्याबाहेर होते. ज्याचे जुळण्याचे नियम साधे आणि माणसाला आधीच ठाऊक आहेत असा पदार्थ हवा होता. तो म्हणजे डी.एन.ए.

चार अक्षरांची लिपी

डी.एन.ए. म्हटले की आपल्याला आनुवंशिकता आठवते. आईचे नाक आणि वडिलांचा रंग. या लेखापुरते ते बाजूला ठेवू. येथे डी.एन.ए. हा केवळ एक बांधकामाचा पदार्थ आहे.

डी.एन.ए.चा एकेरी धागा म्हणजे एक लांब माळ. तिच्यात चार प्रकारचे मणी कोणत्याही क्रमाने ओवता येतात : अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. आपण त्यांना अ, थ, ग, स म्हणू. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी या रेणूची रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण चित्राचा त्यांना मोठा आधार झाला. त्या रचनेचा गाभा एका ओळीत सांगता येतो : अ ची जोडी थ शी, ग ची जोडी स शी. दोन माळांवरची अक्षरे अशी समोरासमोर जुळली की त्या एकमेकींना पीळ देत दुहेरी जिना तयार करतात. जिन्याची रुंदी २ नॅनोमीटर. दर साडेदहा पायऱ्यांना एक पूर्ण पीळ. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला एक केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो.

आता एक शब्द घ्या : अगथस. याची जोडीदार अक्षरे थसअग. मात्र दुसरी माळ उलट दिशेने धावते, म्हणून ती तिच्या बाजूने वाचली तर 'गअसथ' अशी वाचावी लागेल. मला येथे एकदम व्याकरणाच्या तासाला बसल्यासारखे वाटले. शब्द, त्याचा जोडीदार, वाचनाची दिशा. ही तर भाषाच झाली! चार अक्षरांचीच लिपी, पण १६ अक्षरी शब्द केले तर ते ४२९ कोटींहून अधिक निरनिराळे होतात, आणि प्रत्येकाचा नेमका जोडीदार एकच.

सीमन आणि उडते मासे

नेड्रियन सीमन (१९४५–२०२१) हे अमेरिकेतील स्फटिकशास्त्रज्ञ. प्रथिनांची रचना क्ष-किरणांनी पाहावयाची तर आधी त्यांचे स्फटिक व्हावे लागतात आणि अनेक प्रथिने स्फटिक होण्याचे नाव घेत नाहीत. या अडचणीने सीमन बेजार झाले होते. १९८० साली न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे, विद्यापीठाच्या आवारातील पबमध्ये, ते डी.एन.ए.च्या सहा फाट्यांच्या सांध्याचा विचार करीत बसले असता त्यांना डच चित्रकार एशर यांचे 'डेप्थ' हे १९५५ चे चित्र आठवले. त्या चित्रात मासे ओळीने, थरांवर थर, सर्व दिशांना समान अंतरावर पोहत आहेत. प्रत्येक माशाचे डोके, शेपूट आणि चार बाजूंचे पर म्हणजे सहा फाटेच. सीमन यांच्या मनात आले : डी.एन.ए.चे असे सांधे करून ते एकमेकांना जोडले तर अवकाशात जाळीदार चौकट उभी राहील; आणि त्या चौकटीच्या खणाखणांत हट्टी प्रथिने बसवली तर त्यांना रांगेत उभे राहावेच लागेल. १९८२ साली त्यांनी ही कल्पना लेखरूपाने प्रसिद्ध केली.

एका स्फटिकशास्त्रज्ञाला चित्रकाराच्या लाकडी ठशाने वाट दाखवली, हे कलाशाखेच्या आपण मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चौघींची फुगडी

दुहेरी जिना कितीही लांबवला तरी तो सरळ दोरखंडच. घर बांधावयाचे तर कोपरा हवा. निसर्गात चार फाट्यांचा सांधा क्षणकाल होतो. रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ साली त्याची कल्पना मांडली होती. पण तो एका जागी ठरत नाही. दोन्ही बाजूंचे जिने सारख्याच अक्षरांचे असल्यामुळे सांधा त्यांच्यावरून मागेपुढे सरकत राहतो.

सीमन यांनी युक्ती केली ती अक्षरांची. चार माळा घ्यावयाच्या, प्रत्येकीत १६ अक्षरे. प्रत्येकीचा अर्धा भाग एका शेजारणीशी जुळेल आणि उरलेला अर्धा दुसरीशी. चार मुलींनी फेर धरावा तसे समजा : हिचा उजवा हात तिच्या डाव्यात, तिचा उजवा पुढचीच्या डाव्यात, चौथीचा पुन्हा पहिलीच्या. फरक इतकाच की येथे प्रत्येक हात आपल्या ठरलेल्या हाताखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातात बसतच नाही. अक्षरे विषम असल्यामुळे सांध्याला सरकायला जागा उरत नाही. १९८३ साली सीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा स्थिर सांधा प्रयोगशाळेत करून दाखवला.

शब्द निवडताना पथ्ये पाळावी लागतात. एकच अक्षरगट दोन ठिकाणी आला तर माळेला 'मी नेमके कोठे बसू?' असा संभ्रम पडतो. 'अगसथ' सारखा शब्द तर अधिकच धोक्याचा. त्याची जोडीदार माळ तिच्या दिशेने वाचली तर पुन्हा 'अगसथ'च येते. म्हणजे तो आपल्याच प्रतीला मिठी मारून बसतो. म्हणून असे शब्द गाळावे लागतात. संदिग्धता टाळा, पुनरुक्ती टाळा, हा निबंधलेखनाचा नियम रसायनशास्त्रातही पाळावा लागतो याची मला मोठी गंमत वाटली.

सांधा झाला, आता सांध्याला सांधा जोडावयाचा. त्यासाठी प्रत्येक फाट्याच्या टोकाला काही अक्षरे एकेरीच, मोकळी सोडतात. ही 'चिकट टोके'. ज्या दोन टोकांची अक्षरे जोडीची, ती एकमेकांना धरतात.

माल ओला आहे तोवर

हे सारे धागे एका नळीत सोडले की चुकीच्या जोड्या होत नाहीत काय? होतात, पुष्कळ होतात. ही जुळणी यशस्वी होते ती चूक न झाल्यामुळे नव्हे, चूक सुधारता येते म्हणून.

हे मला पटले ते बांधकामाच्या उदाहरणाने. वीट ठेवल्यावर माल ओला असतो तोवर ती ठोकून, सरकवून ओळंब्यात आणता येते. माल सुकला की वीट हलत नाही. मग भिंत फोडावी लागते. अणूंमधला मजबूत बंध म्हणजे सुकलेला माल. अक्षरांच्या जोड्यांमधली सैल पकड म्हणजे ओला माल. द्रावण सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवतात तेव्हा सर्व माळा सुट्या होतात आणि उष्णतेने इतस्ततः धावत एकमेकींवर आदळतात. मग द्रावण सावकाश निववतात. अर्धवट जुळलेली चुकीची जोडी दुबळी असते, ती धक्क्याने सुटते. पूर्ण जुळलेली जोडी टिकते. थंडी वाढत जाते तसतसा माल सुकत जातो आणि बरोबर बसलेले तुकडे तसेच राहतात. द्रावणात मॅग्नेशियमचा क्षार घालावा लागतो, कारण डी.एन.ए.च्या माळांवर ऋणभार असतो व त्या एकमेकींना दूर लोटतात. मॅग्नेशियमचा धनभार त्यांच्यात समेट घडवतो.

म्हणजे 'आपोआप' या शब्दाचा अर्थ 'कारणाविना' असा नव्हे. तुकडे हलवते उष्णता; त्यांतले कोणते टिकावयाचे ते ठरवतात अक्षरे.

घनापासून विटांपर्यंत

१९९१ साली चेन व सीमन यांनी डी.एन.ए.चा घन तयार केला. त्याच्या सहा बाजूंभोवती सहा बंद माळा एकमेकींत साखळीप्रमाणे गुंफलेल्या होत्या. परंतु साधे सांधे लवचिक. त्यांची चौकट ढिली पडे. मग दोन जिने शेजारी ठेवून त्यांचे धागे दोन ठिकाणी एकमेकांत ओलांडून घेतले, तेव्हा ताठपणा आला. एरिक विनफ्री व सीमन यांच्या गटाने १९९८ साली अशा ताठ फरशांची सपाट जाळी विणली. जिच्यासाठी हा खटाटोप आरंभला होता ती तिन्ही दिशांनी वाढणारी, आधी बेतलेली स्फटिकजाळी सीमन यांच्या हाती आली २००९ साली. पबमधल्या त्या विचारापासून २९ वर्षे लोटली होती!

दरम्यान २००६ साली कॅलिफोर्नियातील पॉल रोथमुंड यांनी निराळाच मार्ग काढला. त्यांनी एका विषाणूची ७ हजारांहून अधिक अक्षरांची एकच लांब माळ घेतली आणि दोनशेहून अधिक आखूड माळा टाचण्यांसारख्या वापरल्या. प्रत्येक टाचणी लांब माळेच्या दूरदूरच्या जागांना पकडून जवळ आणते. कागदाच्या घड्या घालून आकार करण्याच्या जपानी कलेवरून या पद्धतीला 'डी.एन.ए. ओरिगामी' म्हणतात. रोथमुंड यांनी चांदणी केली, हसरा चेहरा केला, अमेरिका खंडांचा नकाशाही केला. चेहऱ्याची रुंदी सुमारे १०० नॅनोमीटर, आणि दोन तासांच्या आत द्रावणाच्या एका थेंबात असे अब्जावधी चेहरे तयार!

आणि २०१२ साली हार्वर्ड येथे पेंग यिन यांच्या गटाने ज्या केल्या, त्याच माझ्या 'विटा'. प्रत्येक वीट म्हणजे ३२ अक्षरांची एक आखूड माळ. तिचे आठ-आठ अक्षरांचे चार भाग, आणि प्रत्येक भाग एका शेजारच्या विटेला धरणारा. येथे लांब माळेचा आधारही नाही. सर्व विटा वापरल्या तर भरीव ठोकळा होतो. ज्या जागा रिकाम्या हव्यात तेथल्या विटा नळीत घालावयाच्याच नाहीत. एकाच संचातून विटा वगळून त्यांनी १०२ निरनिराळे आकार घडवले. ठिपके तेच ठेवून वेगवेगळी रांगोळी काढावी, तसे हे.

उपयोग आणि मर्यादा

डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात २००९ साली झाकणाची पेटी तयार झाली. ठरावीक अक्षरांची माळ किल्लीसारखी दिली की तिचे झाकण उघडते. त्याच वर्षी आपल्या देशात, बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, यमुना कृष्णन यांच्या गटाने डी.एन.ए.चे एक इवलेसे यंत्र जिवंत पेशीत सोडले. आम्लता वाढली की ते मिटते व त्याच्या प्रकाशाचा रंग बदलतो. त्यावरून पेशीच्या आत कोठे किती आम्लता आहे ते कळते. २०१८ साली चीन व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी गाठीच्या रक्तवाहिन्यांपाशीच उघडणाऱ्या डी.एन.ए.च्या नळ्यांतून औषध नेऊन उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींची वाढ रोखली.

परंतु उंदरावर साधले म्हणजे माणसाला औषध मिळाले असे नव्हे. शरीरातील विकरे डी.एन.ए. कुरतडतात, रक्तात मॅग्नेशियम इतके नसते की या रचना सहज तग धरतील, आणि मोठ्या प्रमाणावर माळा तयार करणे खर्चाचे आहे. रचना जेवढी मोठी, तेवढ्या चुकाही अधिक. उत्साहाच्या भरात हे विसरून चालणार नाही.

मग हात कोणाचा?

हे सारे मी घरी सांगितले तेव्हा वडिलांनी नेमका प्रश्न विचारला : "अगं, विटा आपल्या आपण बसल्या, तर गवंड्याचं काय काम उरलं?" हसण्यावारी नेण्यासारखा तो प्रश्न नव्हता. ज्याच्या हातांवर घर चालते त्याला 'आपोआप' हा शब्द ऐकून काळजी वाटणारच.

मी विचार करून उत्तर दिले ते असे. पहिली गोष्ट, ही जादू फक्त त्या सूक्ष्म जगातच चालते. तेथे उष्णतेचा धक्का माळेला उचलून फेकण्याइतका मोठा असतो; आपल्या भट्टीतल्या विटेला तो हलवूही शकत नाही. घराच्या विटा कोणी तरी उचलल्याशिवाय उचलल्या जाणार नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या सूक्ष्म जगातही हात नाहीसा झालेला नाही, त्याची जागा बदलली आहे. वीट बसवण्याचे कष्ट उष्णतेने घेतले. पण कोणती वीट कोणाशेजारी बसेल, कोठे संभ्रम होईल, कोणता शब्द गाळावा, हे आधी कोणीतरी बसून लिहिलेले असते. वडील म्हणाले, "म्हणजे आराखडा विटेतच भरला म्हण की." इतके नेटके वाक्य मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते.

या अभ्यासातून मी एवढे नक्की शिकले की ज्ञानाच्या शाखा या प्रवेशअर्जावरच्या चौकटी आहेत, ज्ञानाच्या नव्हेत. रसायनज्ञाला चित्र उपयोगी पडते, अक्षरांना व्याकरण लागते, आणि रेणूंची जुळणी समजायला गवंड्याचा ओला माल कामी येतो. आमच्यासारख्या घरांतून येणारी मुले पुष्कळदा 'हे आपले नव्हे' असे म्हणून पुस्तक मिटून ठेवतात. माझी त्यांना विनंती आहे की मिटण्यापूर्वी दोन पाने वाचावीत आणि न समजलेले कोणालातरी विचारावे. पहिली पकड सैलच असते. ती सुटेल, पुन्हा लागेल, चुकीची असेल तर पुन्हा सुटेल; आणि बरोबर असेल तर टिकेल.